हात न मिळवणारे लोक

आमच्या कोर्टाच्या इमारतीला एक वास आहे. ओल्या कोटांचा, मशीनमधल्या जळक्या कॉफीचा आणि तळघरातल्या कोठड्यांतून जिन्यानं वर चढणाऱ्या फिनाइलचा. इंग्लंडात, लँकेशरमधल्या या क्राउन कोर्टात मी काळा झगा घालून नावं पुकारते. इतक्या वर्षांत नाक मरायला हवं होतं, ते काही मेलं नाही. आणि वासाचं एक वेळ सोडा, इथल्या माणसांची किळस येते ती वेगळीच.

त्यातल्या त्यात मला बरी वाटायची ती टॅमसिन होलरॉइड. बस ड्रायव्हरची लेक, आरोपींच्या बाजूनं उभी राहणारी नवी बॅरिस्टर. डोक्यावरचा घोड्याच्या केसांचा टोप पांढराशुभ्र. आमच्याकडे टोप जितका मळका तितका वकील मोठा. जन्मात न धुतलेला, घामानं पिवळा पडलेला टोप ही शिकली सवरलेली मंडळी मानानं मिरवतात. माझ्या आईनं तो चिमट्यानं उचलून उकिरड्यावर टाकला असता.

"पोरी, चहात बुडवून काढ एकदा तो टोप," मी म्हणायचे. "कोठडीतले चोरसुद्धा तुला हसत असतील."

"हसतातच की," ती म्हणायची. "पण माझं सँडविच मागताना गप्प असतात."

तिचा धंदा म्हणजे दुसऱ्यांचं उष्टं खरकटं. वरचे वकील मोठ्या खटल्यात अडकले की त्यांच्या बारीकसारीक केसेस आदल्या संध्याकाळी हिच्या गळ्यात पडायच्या. मग सकाळची पहिली गाडी, एक चाक मोडलेली बॅग, गाडीतच कागद वाचायचे आणि कोठडीत जाऊन अनोळखी माणसाला सांगायचं की मी तुमची वकील. समोरचा कसा आहे ते बघून नाही म्हणायची सोय नाही. स्टँडवरच्या टॅक्सीसारखं, जो बसेल तो आपला. ती कुरकुरायची नाही. मीच तिच्या वाटचं कुरकुरायचे.

या लोकांची आणखी एक रीत आहे. बॅरिस्टर बॅरिस्टरशी कधीही हात मिळवत नाही. म्हणे, हात पुढे करायचा तो हातात सुरा नाही हे दाखवायला. आपल्या आपल्यात सुऱ्याची भीती कसली, आपला शब्द पुरे. टॅमसिनला या रीतीचं फार कौतुक होतं.

"आमच्या बाबांच्या डेपोत सख्खे मित्रसुद्धा एकमेकांची हजेरी तपासायचे," ती सांगायची. "इथं शब्दाला किंमत आहे, डोरीन."

दुरून डोंगर साजरे, दुसरं काय!

गेल्या सप्टेंबरात तिच्या वाट्याला नॉर्मन टॅटरसॉल आला. साठीला टेकलेला माणूस, प्राथमिक शाळेचा रखवालदार. मार्चमध्ये तो शाळेच्या फाटकापुढचं बर्फ फावड्यानं काढत होता. वॉलवर्क नावाच्या एका पालकानं नेमकी तिथंच गाडी लावली. बाचाबाची झाली, वॉलवर्क पडला आणि त्याचा जबडा मोडला. नॉर्मन म्हणतो, घसरला. वॉलवर्क म्हणतो, यानं फावडं घातलं. बघायला तिसरं कुणी नव्हतं. नॉर्मनचं घर शाळेच्या आवारात, आणि खटला होईपर्यंत शाळेकडे फिरकायची मनाई. राहायला दुसरी जागा नाही म्हणून म्हाताऱ्याला तुरुंगात ठेवलं. त्याची बायको हिल्डा, जिचं डोकं आताशा काही धरून ठेवत नाही, ती आपल्या बहिणीच्या एका खोलीच्या घरात बसून रोज विचारते, नॉर्मन चहाला का आला नाही?

त्या सकाळी जज्जानं स्पष्ट सांगितलं. आज गुन्हा कबूल केला तर आत काढलेले महिने पुरे, संध्याकाळी सुटेल. खटला लढवून हरला तर आणखी तीन वर्षं. टॅमसिन हे सांगायला कोठडीत गेली. दाराशी मी होते.

"तुम्ही केलं नसेल तर कबूल करू नका," ती म्हणाली. "नोकरी जाईल. शाळेतलं घर जाईल."

"नाही केलं मी, मिस. देवाशपथ नाही केलं." नॉर्मन भिंतीकडे बघत बोलत होता. "पण तीन वर्षांनी हिल्डा मला ओळखायची नाही. आज ओळखते. एक सांगा, तो वॉलवर्क आलाय का? टाय लावून आला असेल, जबडा धरून रडणार असेल, तर माझं काही खरं नाही. नसेल आला, तर लढू."

"बघून येते," ती म्हणाली.

सरकारी बाजूला होते मिस्टर हॅडन. त्यांचा टोप चुलीवरच्या फडक्यासारखा. व्हरांड्यात बिस्किट खात उभे होते.

"तुमचा साक्षीदार आलाय ना?" टॅमसिननं विचारलं.

"आलाय की. तिकडं बसलाय बिचारा. अजून दुखतंय म्हणतो."

साक्षीदारांची खोली दुसऱ्या टोकाला आहे, तिथं साक्षीदारांची देखभाल करणाऱ्या मार्जोरीचं राज्य. मी टॅमसिनची बाही ओढली. "पोरी, मार्जोरीला एकदा विचारून घे ना. दोन पावलांवर तर आहे."

"डोरीन!" ती चक्क रागावली. "त्यांनी शब्द दिलाय मला."

ती खाली गेली. थोड्या वेळानं नॉर्मनला वर आणलं आणि त्यानं गुन्हा कबूल केला. कबुली दिल्यावर वकिलाला 'यानं केलंच नाही' असं म्हणता येत नाही. म्हणून टॅमसिन उभी राहिली आणि हा कष्टाळू माणूस आहे, त्याची बायको आजारी आहे, असं इकडचं तिकडचं बोलत राहिली. जज्जसाहेबांनी त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. हॅडन पेन्सिलीला टोक काढत होते.

बाहेर आलो तर मार्जोरी कोट चढवून उभी.

"डोरीन, मी निघू का गं? माझ्याकडे आज कुणीच नाही. त्या वॉलवर्कनं सकाळीच फोन केला, टेनेरिफ बेटावर सुट्टीला आहे म्हणे, यायचं नाही मला. मी हॅडनसाहेबांना तेव्हाच जाऊन सांगितलं."

टॅमसिन माझ्या शेजारीच होती. तिनं बॅग खाली ठेवली. तोंड तिच्या टोपासारखं पांढरं पडलं होतं. माझ्या जिभेवर 'सांगितलं होतं ना' आलं होतं, ते गिळलं.

नॉर्मन सुटून दाराशी आला, तुरुंगाची पारदर्शक पिशवी हातात. आत एक स्वेटर आणि दाढीचं सामान. "फार उपकार झाले, मिस," तो म्हणाला. "शाळेत माझी फावडी आहेत. घेऊ देतील ना?"

ती खोटं बोलली असती तर मी तिला माफ केलं असतं. ती खोटं बोलली नाही. तिथंच, येणाऱ्या जाणाऱ्यांच्या गर्दीत, तिनं त्याला सगळं सांगितलं. आपण विचारलं, आपल्याला खोटं सांगितलं गेलं, आपण तपासलं नाही. अपील करू म्हणाली.

नॉर्मननं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी नाही म्हणालो असतो तर..."

"खटला उभाच राहिला नसता. आज घरी गेला असतात. तुमच्या घरी."

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "अपिलाचं नंतर बघू. हिल्डाला मात्र यातलं काही कळू देऊ नका," एवढंच म्हणाला आणि बस स्टॉपकडे चालू लागला.

टॅमसिन जिना चढून वकिलांच्या खोलीत गेली. सगळे झगे टोप उतरवतात ती खोली. हॅडनच्या नावे आलेला एक निरोप मी हातात घेतला आणि तिच्या मागोमाग गेले. निरोप उद्या दिला असता तरी चाललं असतं. आत सात आठ वकील होते, हॅडन टोप डब्यात ठेवत काहीतरी विनोद सांगत होते.

"साक्षीदार येणार नाही हे तुम्हाला सकाळीच माहीत होतं," टॅमसिन म्हणाली.

"अगं, मला वाटलं, येईल शेवटी." हॅडन हसले. "आणि तुझा माणूस सुटला ना? झालं तर मग! चल, एक बिअर माझ्याकडून."

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं उजवा हात पुढे केला.

खोलीतले आवाज एकेक करून बंद झाले. कुणीतरी खुर्ची सरकवत होता, तोही थांबला. हॅडनचा हात सवयीनं अर्धा वर आला आणि तिथंच अडकला. या खोलीत असा हात कुणी कुणापुढे केलेला मी कधी पाहिला नव्हता.

"मिळवा ना," ती म्हणाली. "बघू दे हातात काय आहे ते."

हॅडननी आपला हात खिशात घातला.