दरवाजाच्या आतलं शहर

६ एप्रिल २००९. हयाताबादच्या रिक्षाला एकशे साठ रुपये पडतील, हे ऐकून मेहर इलाही म्हणाला, “एवढ्यात काबूल गाठीन!”

हयाताबाद हेही पेशावरच, असं त्याचा मुलगा शौकत सांगून थकला होता. पण भांड्यांच्या बाजारात जन्म काढलेल्या या तांबटाच्या लेखी शहर म्हणजे जुन्या दरवाजांच्या आतलं. बाहेर सगळा परमुलूख. पश्तू बोलणारे या हिंदको बोलीच्या लोकांना ‘खारे’, म्हणजे शहरवाले, म्हणत. मेहर इलाही ते नाव पागोट्यासारखं मिरवी. वर्षापूर्वी शौकतने बिऱ्हाड हलवलं, तेव्हा त्याने मुला-सुनेला दूरदेशी निघालेल्यांसारखं रीतसर कुराणाखालून काढलं, टेम्पोमागे पाणी ओतलं आणि प्रवासाला कुलचे बांधून दिले. घरी पोचले तरी कुलचे गरमच होते.

घोर होता तो नातीचा. नायाब सहा वर्षांची. शाळेत उर्दू, गल्लीत पश्तू. आपली बोली नि आपलं शहर पोर विसरणार, या धास्तीने तो वर्षभर तिकडे फिरकलाच नव्हता.

“लाला, व्हिसा काढला का?” शेजारच्या कहवावाल्या ताजने विचारलं.

“जीभ आवर. वीस रुपये कमी पडतायत, दे. आल्यावर देतो.”

“परदेशी गेलेले कुठले परत येतात!”

हयाताबादेत दार नायाबनेच उघडलं आणि शुद्ध उर्दूत त्याची विचारपूस केली. मेहर इलाहीचा चेहरा उतरला. कहवाही त्याने अर्धाच प्यायला.

तेवढ्यात शेजारची मुलगी खेळायला बोलवायला आली.

“आज नाही,” नायाब म्हणाली. “दादाजींबरोबर मी शहरात जाणारेय.”

“वेडीच आहेस. आपण शहरातच तर राहतो.”

“हट्! शहर दरवाजाच्या आत असतं. हे नुसतं घर आहे.” मग दादाजीकडे वळून ती चक्क हिंदकोत फणकारली, “सांगा ना हिला! काही म्हणजे काही कळत नाही.”

मेहर इलाहीने शौकतकडे पाहिलं. “हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही, आगाजी. घरात आम्ही असंच बोलतो.”

“मग मघाशी उर्दू कशाला?”

“पाहुण्यांशी उर्दूत बोलायचं असतं,” नायाब म्हणाली. “तुम्ही कधी येतच नाही.”

उरलेला कहवा त्याने एका घोटात संपवला आणि नातीला घेऊन तो शहराकडे निघाला. आता तो दर शुक्रवारी हयाताबादला जातो.

ताजचे वीस रुपये अजून द्यायचे आहेत.