आम्ही बसवलेलं शटर
वडिलांचा दोन भिंगांचा कॅमेरा शटर अडकल्यामुळे कित्येक वर्षं कपाटात पडून होता. घाटकोपरच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकले. "हे मॉडेल थोडेच दिवस निघालं, मग कारखानाच बंद पडला. पार्ट मिळणार नाहीत." पण त्या कारखान्यात काम केलेल्या एक बाई बोरीवलीला राहतात, हे त्यानेच सांगितलं.

मी गेलो. ऐंशी ओलांडलेल्या त्या बाई कॅमेरा हातात घेऊन हसल्याच. "शटर आम्ही सहा जणी बसवायचो रे. पार्ट कशाला? ग्रीस सुकलंय नुसतं."

दोन तास त्या बारीक पेचकस आणि स्पिरिट घेऊन बसल्या. मग खटका दाबला आणि शटर खणखणीत वाजलं.

पहिला फोटो मी त्यांचाच काढला. प्रिंट नेऊन दिली, तेव्हा त्या सुनेला ओरडून म्हणाल्या, "बघ गं, माझा कॅमेरा अजून चालतो!"