पाव कापायचे पप्पा, खायचे नाहीत

माझे पप्पा निर्दोष नव्हते.

कोर्टानं निर्दोष सोडलं होतं, तरी नव्हते. त्यांच्या माघारी मी काही नवीन उघड करत नाहीये. ते स्वतःच ज्याला त्याला सांगत सुटायचे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

पप्पा, म्हणजे दावीद ड्रायव्हर, केज-धारूर-तेलगाव जीप चालवायचे. एका सकाळी ब्रेक नीट लागत नव्हता. तेलगावचा बाजार होता, सीट भरलेल्या.

"एवढी खेप मारतो आन् मग गॅरेजला लावतो," म्हणाले आणि निघाले.

धारूरच्या घाटात उतारावर जीप कठड्याला आदळून उलटली. मागे बसलेल्या सरूबाई जागेवरच गेल्या. बाजाराला निघाल्या होत्या बिचाऱ्या. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

केस झाली. जीपचा पार चुराडा झालेला, त्यामुळे ब्रेक आधीपासून खराब होता हे कुणाला सिद्ध करता आलं नाही. वकिलानं पप्पांना तोंड उघडू दिलं नाही. पुराव्याअभावी सुटले.

नातेवाईक पेढे घेऊन आले. पप्पांनी बॉक्स तसाच परत दिला.

मग ते सरूबाईंच्या घरी गेले आणि ब्रेकचं सगळं खरं सांगून टाकलं. सरूबाईंच्या मुलानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"मग कोर्टात कावून न्हाई बोललास?"

दार लागलं.

पुढेही ते जात राहिले, दार लागत राहिलं. त्या लोकांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही.

पप्पांनी जीप विकली. आणि प्रभुभोजन घेणं सोडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचा छोटा तुकडा आणि घोटभर द्राक्षाचा रस. येशूनं आपल्या पापांसाठी स्वतःचा देह दिला, रक्त सांडलं, त्याची ही आठवण. ताट रांगेतून हातोहात पुढे जातं.

आता गंमत बघा. तो पाव पप्पाच आणायचे.

शनिवारी संध्याकाळी केजच्या बेकरीतून, ताजा. रफिकचाचा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. रविवारी सकाळी पप्पा चर्च झाडायचे, सतरंज्या टाकायचे, इवलेसे ग्लास धुवायचे, पावाच्या कडा काढून एकसारखे बारीक तुकडे करायचे.

मग शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे. ताट आलं की शेजाऱ्याकडे सरकवायचे.

पाळकसाहेबांनी किती समजावलं.

"दावीदभाऊ, झाडून-पुसून पाप जात असतं तर ख्रिस्ताला क्रुसावर जायची काय गरज होती? विश्वास ठेवा. आपण नीतिमान ठरतो ते त्याच्यामुळं, आपल्या कामांमुळं नाही."

"बराबर हाय साहेब," पप्पा म्हणायचे. "तुमच्यासाठी बराबर हाय."

आई वैतागायची. "समद्या जगाचं पाप धुतलं, ह्यांचंच तेवढं ऱ्हायलं! लईच मोठे लागून गेले!"

पप्पा हसायचे. पण घ्यायचे नाहीत.

मग त्यांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत.

पहिला रविवार आला तेव्हा पाळकसाहेब ताट घेऊन घरी आले. पाव मी कापला होता.

पप्पांनी ताटात डोकावून पाहिलं. "केवढाले तुकडे केलेस गं? म्हाताऱ्या माणसाच्या घशात आडकंल की."

"तुमाला कुठं खायचंय?" आई म्हणाली.

पप्पा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. मग थांबत थांबत म्हणाले,

"साहेब, आता झाडणं होत न्हाई. पाव कापणं होत न्हाई. माझ्याकडं द्यायला कायच ऱ्हायलं न्हाई."

"माहीत आहे," पाळकसाहेब म्हणाले.

"कोर्टानं सोडलं, कारण त्यायला ठावं नव्हतं. देवाला तर समदं ठावं हाय."

"सगळं ठाऊक असूनच ताट पुढं केलंय त्यानं, दावीदभाऊ."

पप्पा रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं ते सुचेना, मी ताट घट्ट धरून उभी.

मग त्यांनी तोंड उघडलं. आईनं तुकडा अर्धा करून भरवला. बराच वेळ चावत होते.

"पाव शिळा हाय," म्हणाले.

होताच. मी शुक्रवारी आणून ठेवला होता. आई रडता रडता हसायला लागली.

ऑफिसमधल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे काहीही करा, विश्वास ठेवला की सुटलात? एकदम फुकट?"

हो. आमची शिकवण तीच आहे. मला त्यावर वाद घालता येत नाही. पण ते फुकटचं घेणं पप्पांना किती जड गेलं, ते मी पाहिलंय.

आणि सुटले म्हणजे विसरले असंही नाही. आमच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत रोज सरूबाईंचं आणि त्यांच्या लेकरांचं नाव निघायचं, घरच्यांच्याही आधी. त्या रविवारनंतरही निघत राहिलं. पूर्वी ते नाव घेतलं की पप्पांना घास उतरायचा नाही. नंतर मात्र जेवायचे, पोटभर.

अंत्यविधीला सरूबाईंच्या घरून कुणी आलं नाही. यावं असं आम्हीही धरून चाललो नव्हतो.

या पहिल्या रविवारी पाव मीच कापला. शनिवारचा, ताजा. तुकडे बारीक केले. शेवटच्या रांगेत पप्पांच्या जागेवर बसले. ताट आलं, माझा तुकडा घेतला आणि ताट पुढे दिलं.

पप्पा, फक्त तुमच्या नावानं लिहिलेलं तुम्हाला आवडलं नसतं.

म्हणून तुमच्या प्रार्थनेतल्यासारखं, आधी त्यांचं नाव.

सरूबाई आणि दावीद.

दोघांनाही भावपूर्ण श्रद्धांजली.