प्रत्येक टोळीतून एक

तो सिनेमा मी अर्धाच पाहिला.

नवी मुंबईतल्या करावे गावात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहतो, ते बाबा आधी लष्करात होते. तिथून आल्यावर खाडीत जाळं टाकायचे, आता गुडघ्यांमुळं घरीच असतात. परभणीकडून आलो तेव्हा इथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. तरी त्यांनी खोली दिली, म्हणून त्यांची हाक आली की मी जातो. त्या रविवारी दुपारी त्यांनी खालून आवाज दिला, "ए घाट्या, ये, खरी लढाई बघ."

जुना, काळा-पांढरा, इंग्रजी सिनेमा होता. माझी शाळा आठवीत सुटली. खालची अक्षरं जुळवेपर्यंत ती बदलायची, म्हणून बाबाच सांगत होते. शिपायांना नदीपलीकडची चौकी घ्यायला सांगितलेली, आणि ती घेणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. निम्मे पाण्यातच मेले, उरलेले मागं आले. मग मोठा साहेब म्हणाला, हुकूम बरोबर होता, माणसं भित्री निघाली. प्रत्येक तुकडीतून एक जण द्या, त्याला गोळी घालू.

मी विचारलं, कोणता? ज्यानं काय केलं तो?

"कुनीबी," बाबा म्हणाले. "त्यांना फकस्त एक पायजे."

मी पडद्याकडं बघत होतो, पण डोक्यात आमचं यार्ड होतं. न्हावा शेव्याच्या बाजूला एका खाजगी यार्डात मी कामाला आहे. परदेशी जाणारी कोळंबी ज्या थंड कंटेनरांत, आमच्या भाषेत डब्यांत, भरलेली असते, त्यांना विजेचे प्लग लावायचे, आतली थंडी बघत राहायची, हे आमच्या टोळीचं काम. त्याच आठवड्यात ऑफिसातून फोन आला होता की एक रांग रिकामी करा, डबे नव्या रांगेत न्या. नव्या रांगेत अजून करंट आलेला नव्हता. आमच्या मुकादमानं आमच्यासमोरच तसं सांगितलं. तिकडून उत्तर आलं, तुम्ही प्लग लावा, वायरमन निघालाय. यार्डातल्या तिन्ही टोळ्यांनी मिळून डबे हलवून घेतले, मेलेल्या सॉकेटात प्लग लावले. वायरमन काही आला नाही. डबे उघडले तेव्हा वासानं उभं राहवेना.

सिनेमा चालू असतानाच मुकादमाचा फोन आला. मी बाहेर ओट्यावर जाऊन घेतला. साहेबांनी प्रत्येक टोळीतून एक नाव मागितलं होतं. ज्याचं नाव जाईल त्याचा गेट पास रद्द, म्हणजे आसपासच्या कुठल्याच यार्डात तो पुन्हा उभा राहू शकणार नाही. मुकादम म्हणाला, भांडणं नकोत, सकाळी चिठ्ठ्यांसारखं सील काढू.

आत आल्यावर बाबांनी तोंडाकडं बघूनच टीव्हीचा आवाज बंद केला. मी सगळं सांगितलं.

"तुमीच उचलून देनार?" ते म्हणाले. "मंग सायबाला काय काम राहिला?"

बाबांच्या बायको, मावशी, आतून म्हणाल्या, पोराला जेवू तरी द्या, नुसता टेन्शन देताय. मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. गावाहून आईचा औषधांच्या पैशांसाठी फोन येऊन गेला, तिला म्हटलं सगळं ठीक आहे.

सील काढणं ही आमची जुनी रीत. डब्यांच्या दारांची तुटलेली प्लास्टिकची सीलं हेल्मेटमध्ये टाकायची, सगळी पिवळी, एक लाल. गणपतीत, दिवाळीत सुट्टी कुणी सोडायची ते असंच ठरतं. लाल आलेला माणूस शिव्या घालतो, हसतो आणि कामाला लागतो. त्यावरून कधी कुणाची तक्रार झाली नाही. म्हणूनच त्या सकाळी गेटबाहेर मुकादमानं हेल्मेट पुढं धरलं तेव्हा कुणालाच ते वावगं वाटलं नाही. बाकीच्या दोन टोळ्यांचं काढून झालं होतं.

मुकादम माझ्याच तालुक्याचा. त्यानंच मला इथं चिकटवलं, सुरुवातीला त्याच्याच ताटात जेवलो. त्याला मी कधी उलट बोललो नव्हतो. पहिल्यानं हात घातला, पिवळं. दुसऱ्याचंही पिवळं. तो इतका मोकळा हसला की मला त्याचीच भीती वाटली. माझी पाळी आली. हात वर येईना.

"दादा, मी नाही काढत."

"मग काय तुझंच नाव देऊ?"

मी म्हणालो, "द्या. पण करंट नाही हे तुम्ही फोनवर सांगितलेलं, तेही सांगा."

मुकादमाचा चेहरा लाल झाला. लई शाणा झाला का, म्हणाला. मागून कुणीतरी म्हणालं, ह्याच्यामुळं सगळेच जाऊ. कुणी पुढं होईना, कुणी मागं जाईना. मग ज्याचं पिवळं निघालं होतं, त्या दुसऱ्यानं ते परत हेल्मेटमध्ये टाकलं. पहिल्यानंही टाकलं, जरा उशिरानं.

मुकादम हेल्मेट तसंच घेऊन ऑफिसात गेला. आम्ही ट्रेलरांच्या सावलीत उभे. बाहेर आला तेव्हा त्याला घाम फुटला होता. म्हणाला, सांगितलं, आमच्यात एक माणूस नाही, सगळी टोळी आहे, आणि फोन मी घेतलेला. आता घरी जा, बोलावतील तेव्हा या.

आठवडाभर बोलावणं आलं नाही. त्या दिवसांत मी गावी परत जायची पिशवी दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. मग बोलावलं, सगळ्यांना, मुकादमासकट. प्लग लावणारी माणसं इतक्यात दुसरी मिळाली नसावीत, याहून वेगळं कारण मला कधी कळलं नाही.

पहिल्याच दिवशी गेटवर शेजारच्या टोळीतला एक जण भेटला. लाल त्याच्या हाताला आलं होतं. तो आपले बूट न्यायला आला होता, आणि वॉचमन त्याला आत सोडत नव्हता. मीच आत जाऊन बूट आणून दिले. त्यानं विचारलं, तुमच्यातला कोण गेला?

कुणी नाही, म्हणालो. आम्ही काढलंच नाही.

त्यानं बूट काखेत धरले.

"असं चालतं?" त्यानं विचारलं.

माझा पास मशीनला लावायची वेळ झाली होती, आणि मागं रांग होती.