बोरगावपासून पुढे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कापसाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, दिवसभर बसलं की संध्याकाळी भुवयांना, कानांना, अंगरख्याच्या शिवणीला तंतू चिकटलेले सापडतात. झटकले तरी दोन-चार राहतातच. माझ्याकडे राहिलेले हे असे आहेत. अमरावतीच्या मित्रांना मी ते ओसरीवर बसून अनेकदा सांगितले, आणि दर वेळी सांगून झाल्यावर वाटलं, हे असंच घडलं होतं का? शपथेवर सांगता येणार नाही. फार पुस्तकं वाचली की माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो.

निदान सुरुवात तरी पक्की आहे. अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भलताच भाव आला होता. रेल्वे अकोल्यापर्यंत आली होती, बडनेऱ्याला अजून यायची होती. म्हणून अमरावतीचा कापूस बंड्यांवर लादून अकोल्याच्या स्टेशनात न्यायचा. वॅगनी थोड्या, कापूस फार. जो आधी पोचेल त्याचा माल आधी चढेल. झाली शर्यत सुरू!

आमच्या शेठजींच्या टोळीत चार बंड्या होत्या. म्होरक्या गणाजी, पन्नाशीचा. मग शेख इमाम, मग किसना, आणि चौथा भिका. मी त्यांच्याबरोबर जाणारा कारकून. पुण्याला कॉलेजात शिकून परत आलेला, खिशात घड्याळ असलेला. चौघांपैकी कोणालाच घड्याळ वाचता येत नव्हतं. मी कुणाला कधी एक अक्षर शिकवलं नव्हतं, तरी ते मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचे.

*

शर्यतीचा नियम इमामला पहिल्याच फेरीत कळला.

इमामचे बैल वाऱ्यासारखे. वाटेतलं शेवटचं गाव, बोरगाव, सोडल्यावर त्याने जी बंडी हाकली ती थेट स्टेशनच्या फाटकात! तिथे चुन्याची रेघ मारलेली होती. रेघेपलीकडे उभं राहून त्याने पटका उडवला, बैल टोचायची काठी, तुतारी, नाचवली. वजनकाट्यावरचा माणूस शांतपणे तंबाखू मळत होता.

"बाकीचे तिघं कुठं हायेत?"

"येतीन मागून. मी आलो ना!"

"तू नाई आला अजून," तो म्हणाला. "चौथी बंडी येईन तवा तू येशीन."

टोळी मोजायची ती शेवटच्या बंडीवर. पहिला कितीही लवकर पोचो, चौथ्याचं चाक रेघ ओलांडेपर्यंत कोणीच पोचलेलं नाही. इमाम दोन तास उन्हात उभा राहिला. त्यानंतर तो कधीही एकटा पुढे गेला नाही. उलट भिकाच्या बंडीला चढ लागला की आपली बंडी सोडून तिच्या चाकाला खांदा द्यायचा.

*

बोरगाव ते अकोला पाच कोस. दोन दिवस चालून माणसं आणि बैल आधीच संपलेली असत. शेवटच्या या पट्ट्यात कोणी बोलत नसे. धुरळ्याने तोंडं सारखीच राखी झालेली, चौघांत ओळखू यायचे ते फक्त बैल.

इथे गणाजीची एक पद्धत होती. बोरगावला तो टोळीचा क्रम उलटा करायचा. सगळ्यात थकलेली बंडी पुढे, सगळ्यात ताजी मागे. दुसऱ्या पेढीचे गाडीवान हसायचे. एकदा एक जण ओरडला, "काहून बुढ्या, लंगड्याले वरातीच्या पुढं नाचवतं का?"

गणाजीने मान वळवली नाही. "मांगं ठेवला त तो मांगंच राह्यते बाप्पा. पुढं ठेवला त आमाले तरी तो दिसते."

बहुतेक वेळा पुढे भिकाच असायचा. त्याच्या बैलजोडीत जोर नव्हता, आणि खरं म्हणजे त्याच्यातही नव्हता.

*

आता माझ्या विद्येचा किस्सा.

अमरावती ते अकोला अंतर नेमकं किती, हे काढण्याची मला हौस आली. चाकाचा घेर मोजला, एका आऱ्याला तांबडी चिंधी बांधली. चिंधी वर आली की एक फेरा. वहीत शंभराची एकेक रेघ मारत मी निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे ऊन, बैलांच्या घुंगरांचा एकसुरी आवाज, आणि माझे डोळे मिटले. त्याआधी किसनाला बजावलं होतं, "मी पेंगलो तर तू मोज."

जाग आली तेव्हा अर्धा कोस तरी मागे पडला होता.

"किसना, किती झाले?"

"तुमी जेवढ्यावर सोडले होते तेवढेच."

"म्हणजे? चाक थांबलं होतं का?"

"चाक कायले थांबते! मोजनारा थांबला होता."

चौघेही हसले. सगळ्यात जास्त भिका हसला, खोकला येईपर्यंत. त्याचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, म्हणून हा किस्सा सांगितला. नाहीतर यात माझी फजितीच आहे.

*

बाकी तिघांच्या बंड्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. भिका तेवढा शेठजींची बंडी हाकत असे. हंगामाच्या शेवटी शेठजींनी बोलावून सांगितलं, "लढाई संपल्याची बातमी आहे. भाव रोज पडतोय. ही शेवटची फेरी. टोळी पहिली आली आणि परवाच्या गाडीत माल चढला, तर भिका, ही बंडी बैलांसकट तुझी. स्टेशनचं फाटक या खेपेला दुपारी बाराला बंद होणार आहे, तेवढं ध्यानात ठेवा."

संध्याकाळी मी बंड्या तपासत होतो, तेव्हा भिका जवळ आला.

"मास्तर, या फळीवर माहं नाव लिवता का? आतल्या अंगानं. शेठजीले दिसाले नोको."

मी गेरू कालवला. त्याने घाईघाईने माझा हात धरला.

"पक्कं नोका लिवू. पुसता आलं पायजे. अजून माही नाई ना ती."

मी बोटाने लिहिलं, भिका. त्याने त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "एवढंच हाय मी?"

*

निघायच्या दिवशी मी अमरावतीच्या कचेरीसमोर उभा राहिलो. कचेरीत दुपारच्या बाराचे टोले पडले, त्या टोल्यांवर घड्याळ लावलं. आधीच्या फेऱ्यांना वेळेचं बंधन नव्हतं. फाटक दिवसभर उघडं असे, आम्ही कधी संध्याकाळीही पोचलो होतो. या वेळी मात्र सगळं माझ्या घड्याळावर होतं, आणि मला, खोटं कशाला सांगू, त्याचा अभिमान वाटत होता.

वैशाख होता. बडनेरा ओलांडेपर्यंतच बैलांच्या तोंडांना फेस आला. दुसऱ्या पेढीच्या टोळीतल्या एका बंडीचा आख मूर्तिजापूरला मोडला आणि ती टोळी तिथेच बसली. इमाम म्हणाला, "चला, आता शर्यत घड्याळाशी!" सगळे माझ्या खिशाकडे बघून हसले.

बोरगावला गणाजीने क्रम उलटा केला. भिका पुढे.

त्या सकाळी भिका बंडीत बसलाच नाही. बैलांना तेवढंच वजन कमी म्हणून जुवाला हात लावून चालत राहिला. मधे मधे त्याचे पाय एकमेकांत अडकत. इमामने आपल्या तुंब्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं, तर म्हणाला, "बैलायले पाज रे. माह्यं काय!"

अकोला दीड कोस राहिलं असताना रस्त्याला एक कडुनिंब लागतो. त्याच्या सावलीत गणाजीने हात वर करून टोळी थांबवली आणि माझ्याकडे आला.

"मास्तर, भिक्याचा घाम बंद झाला हाय. अंग तव्यावानी तापलं. बसू द्या थोडं."

मी घड्याळ काढलं. साडेदहा. थकलेल्या बैलांना दीड कोसाला दीड तास. म्हणजे बरोबर बारा. हिशेब अगदी सोपा होता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"अंगातलं ऊन उतरल्यावानी वाटेपर्यंत. पंधरा-वीस मिंटं."

"एक मिनिटही नाही, गणाजी. फाटक बंद होईल. बंडी जाईल त्याची."

"बंडीत त घाला त्याले."

आम्ही दोघे भिकाकडे गेलो. त्याने मान हलवली. "मी बसलो त बैल बसतीन. पोचतो म्हून मास्तरच्या घड्याळात दिसून राहिलं ना? चाला मंग."

किती विश्वास होता त्याचा त्या घड्याळावर!

*

शेवटचा दीड कोस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. किसना मागून बंडी रेटत होता. इमाम भिकाच्या चाकाला होता आणि मोठ्याने आकडे मोजत होता, एक, दोन, तीन, माझ्या त्या चिंधीच्या दिवसासारखे. शंभर झाले की परत एकपासून. भिका मधेच म्हणाला, "झोपू नोको रे इमाम." हे त्याचं शेवटचं बोलणं. निदान मी ऐकलेलं शेवटचं.

फाटक दिसलं तेव्हा माझ्या घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांवर चढले होते. फाटक उघडं होतं. भिकाची बंडी आधी रेघेपलीकडे गेली, मग किसनाची, मग इमामची. गणाजीचं चाक रेघेवरून गेलं आणि काट्यावरच्या माणसाने हात वर केला. आलो! चौघेही आलो!

भिका चाकाला पाठ टेकून बसला होता. तुतारी मांडीवर, डोळे बैलांकडे. इमामने त्याचा खांदा हलवला, तर तो तसाच कलला.

लोक जमले, कोणी पाणी आणलं, कोणी कांदा फोडला. मी वर बघितलं. का बघितलं कोण जाणे. स्टेशनच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं.

त्यात बाराला वीस मिनिटं कमी होती.

रेल्वेची घड्याळं मुंबईच्या वेळेवर चालत. मुंबई आमच्या पश्चिमेला. तिथे सूर्य उशिरा येतो, म्हणून तिथलं घड्याळ आमच्या मागे. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? भूगोलाच्या परीक्षेत मी याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. आकृती काढून! परीक्षकांनी पूर्ण गुण दिले होते.

गणाजी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. मी जिकडे बघत होतो तिकडे त्यानेही बघितलं.

"मास्तर, हे घड्याळ काय म्हन्ते?"

"बारा," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. "बरं झालं मंग. थांबलो नाई."

*

शेठजींनी शब्द पाळला. बंडी भिकाच्या बायकोला मिळाली. ती न्यायला आली तेव्हा आतल्या फळीवरून तिने हात फिरवला आणि मला विचारलं, "हे काय लिवलं हाय?"

"त्याचं नाव."

तिने पदर ओला केला. मला वाटलं पुसते आहे. पण तिने नावाभोवतीची धूळ तेवढी पुसली. "पक्कं करून द्या," ती म्हणाली.

मी सुताराकडून ते कोरून घेतलं. मला एवढंच करता आलं.

वीस मिनिटांनी माणूस वाचतो का? मी एका वैद्यांना विचारलं, पुढे दोन डॉक्टरांनाही विचारलं. एक म्हणाला, वाचला असता. दुसरा म्हणाला, सांगता येत नाही. तिसऱ्याने उलट मलाच विचारलं, "कोण होता तो तुमचा?" कारकुनी मी त्याच वर्षी सोडली. मग खरोखरच मास्तर झालो आणि तीस वर्षं भूगोल शिकवला. तो धडा आला की वर्गाकडे पाठ करून फळ्यावर आकृती काढायचो, जरा जास्तच वेळ लावून.

*

एवढ्यात एकदा गणाजी अमरावतीला माझ्याकडे आला होता. ऐंशीच्या घरातला, काठी टेकत. इमाम गेला, किसना गेला, हे सांगायला आला असावा. आम्ही ओसरीवर बसलो. बैलांच्या गोष्टी निघाल्या, रेल्वेच्या निघाल्या. आता बडनेऱ्यात गाडीत बसलं की अकोल्याला उतरता येतं, कडुनिंब लागतच नाही, असं तो म्हणाला. भिकाचं नाव त्याने काढलं नाही. मीही काढलं नाही. मी मात्र सांगायचं ठरवलं होतं. गेली पस्तीस वर्षं ठरवतच होतो.

"जेवून जा, गणाजी," मी म्हणालो.

"नाई बाप्पा. निंगतो आता."

तो काठीवर भार देऊन उठला, उंबऱ्यापर्यंत गेला. तिथे थांबला. आमच्या ओसरीच्या भिंतीवर घड्याळ आहे. त्याने त्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, नीट, काटे वाचायला शिकलेल्या माणसासारखं. मग परत आला आणि हळूच होता तिथे खाली बसला.

"बाराले अजून वीस मिंटं हायेत, मास्तर," तो म्हणाला. "बसू द्या थोडं."