फणसाभोवतीचा पार

पोफळी गावाच्या आसपास डोंगर जिथे खाली उतरतो तिथे लोकांनी घरं बांधली होती, आणि घरांवर वाकलेली झाडं आधीपासूनच होती. ऐंशीनंतरची सात-आठ वर्षं मी ती झाडं सांभाळली. पावसाळ्याआधी फांद्या हलक्या करायच्या, वाळलेलं उतरवायचं, आंब्यावरची बांडगुळं काढायची, कापल्या जागी डांबर फासायचं. चढायला मी भाट्याच्या किनाऱ्यावरच्या माडांवर शिकलो होतो. दोर, करवती आणि हाताखालची दोन माणसं मी एकेक करून जमवली. कुणाचं पाठबळ नव्हतं.

भाव करण्यात मी पक्का होतो. आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारायच्या, बुंध्यावर कोयतीची मूठ वाजवायची आणि गप्प राहायचं. घरमालक आपणच विचारतो, काय झालंय म्हणून. मग सांगायचं, थोडं वाढवूनही सांगायचं. या धंद्यात सगळेच सांगत. समोरच्याने फार ताणलं की माझं डोकं फिरायचं आणि मी दोर खांद्यावर टाकून चालू लागायचो. बरेच जण फाटकापर्यंत मागे येत.

तिथे एक काका होते, कचेरीतून निवृत्त झालेले. वडिलोपार्जित जागेत, उतारावर त्यांनी नवं घर बांधलं होतं. स्वयंपाकघराच्या मागे त्यांच्या आईने लावलेला फणस होता. म्हातारी तेव्हा होती. मी झाडावर असलो की खालून सांगायची, त्याला फार कापू नकोस. पहिल्या वर्षी त्यांच्या आंब्याची एक जाड फांदी आतून कुजली आहे असं सांगून मी काम वाढवून घेतलं. फांदी खाली आली तर काप स्वच्छ पांढरा. काकांनी त्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेले.

पुढच्या वर्षी गेलो तेव्हा म्हातारी गेली होती आणि फणसाभोवती पार होता. घर बांधून जांभ्याचे चिरे उरलेले होते. आईचं झाड उतारावर आहे, वाऱ्याने जाईल, ही काकांची भीती. म्हणून त्यांनी चारी बाजूंनी कमरेएवढे चिरे लावून आत काठोकाठ तांबडी माती भरली आणि वरून सारवून घेतलं. झाडाला आधार झाला असं त्यांना वाटत होतं. संध्याकाळी ते तिथेच बसत.

त्या दिवशी मी फेऱ्या मारल्या नाहीत. सरळ म्हटलं, "काका, ही माती काढा. फणसाच्या बुंध्याला माती चढलेली चालत नाही. पावसात आतल्या आत साल कुजेल."

"मागे आंबा कुजला होता, आता फणस," काका म्हणाले. "पार मोकळा करायचे किती घेशील?"

इथे मी फुकट म्हणायला हवं होतं. पण आकडा तोंडातून गेला. सवयच तशी. काका हसले, वाईट हसले नाहीत, हिशेब जुळल्यासारखे हसले. माझं डोकं फिरलं.

"मग बसा पारावर," मी म्हटलं. "आईचं झाड स्वतःच्या हाताने मारा."

मी निघालो. फाटकापर्यंत कुणी आलं नाही.

मेलेल्या आईवरून बोलला, असं वस्तीत झालं. ते मी बोललो होतो, नाही म्हणत नाही. पण माती काढा हेही मीच बोललो होतो, ते कुणी सांगितलं नाही. त्या आळीतल्या चार घरांची कामं तुटली. माझा राग त्या चार घरांवर नव्हता. आयुष्यात एकदा झाडासाठी बोललो आणि ते धंद्याचं बोलणं ठरलं, याचा होता. एसटीतून जाताना तो फणस दिसायचा. पहिल्या पावसाळ्यानंतर शेंडे विरळ झाले, मग पानं पिवळी पडून गळायला लागली. उतरून सांगता आलं असतं. मी उतरलो नाही.

तिसऱ्या वर्षी काकांचा निरोप आला. झाड वाळलं होतं आणि स्वयंपाकघरावर आलं असतं, ते पाडायचं होतं. मी गेलो तेव्हा त्यांनी एक आकडा सांगितला, फारच कमी. मी हो म्हटलं. काकांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"लाकडावर डोळा आहे का तुझा?"

"लाकूड तुमचं," मी म्हटलं.

दोन दिवस आम्ही वरून फांद्या दोराने उतरवल्या. शेवटी नुसतं खोड राहिलं. करवत बुंध्याशी लागायला पार काढणं भाग होतं. चिरे एकेक करून बाजूला रचले, माती ओढली. माती आतून ओलीच होती. बुंध्याची साल हाताला लागताच सुटून आली, काळी, आंबूस वासाची. सगळीकडून तशीच होती.

काका वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तू तेव्हा नीट सांगितलं नाहीस."

माझी दोन्ही माणसं काम थांबवून माझ्याकडे बघायला लागली. माझा स्वभाव त्यांना माहीत होता. मीही वाट बघितली, पण काही वर आलं नाही.

काकी मागच्या दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं त्याने. नीट सांगितलं होतं. मी इथंच तांदूळ निवडत होते."

काकी सूप घेऊन आत गेल्या.

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी तीन वर्षं वाट बघितली होती. किती वेळा मनात ते वस्तीसमोर म्हणवून घेतलं होतं. आता म्हटलं गेलं, आणि मला हाताला लागलेली ओली साल तेवढी जाणवत होती. ती मी लुंगीला पुसली. काकांना जरा मागे सरायला सांगितलं आणि माणसाला म्हटलं, दोर ताण.