आकड्यामागची कोरी जागा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बीसीएस झाले, हिंजवडीच्या कंपनीत लागले आणि दुसऱ्याच वर्षी गिटारच्या क्लासला नाव घातलं. दर रविवारी सकाळी धायरीहून दोन बस बदलून जायचे.

सर आम्हाला त्यांच्या हातच्या वहीवरून शिकवायचे. सहा तारांच्या सहा रेघा आणि रेघेवर आकडा. ती तार गिटारच्या दांडीवरच्या कितव्या पडद्यावर दाबायची, ते तो आकडा सांगतो. याला टॅब म्हणतात. वहीच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून पानं काळी पडली होती. मी म्हणाले, "सर, मी हे कॉम्प्युटरवर करून देते."

"द्या की. वहीपेक्षा बरं झालं तर ठेवू."

सर मला एरवी 'अगं' म्हणायचे. 'द्या' म्हणाले, तेव्हाच माझी परीक्षा सुरू झाली.

नोटेशनचं सॉफ्टवेअर मिळवलं. त्यात सगळंच बदलता येतं, हे कळल्यावर मी पेटलेच. रेघा केसासारख्या बारीक आणि राखाडी केल्या, आकडे नाजूक, तिरके. स्क्रीनवर पान परदेशी पुस्तकासारखं दिसायला लागलं. एक प्रिंट काढली, कोपऱ्यावरच्या दुकानातून वीस झेरॉक्स मारल्या आणि रविवारी रुबाबात वाटल्या.

सरांनी ताल दिला. चौथ्या मात्रेला अर्ध्या क्लासने तिसरा पडदा दाबला, अर्ध्याने आठवा. झेरॉक्समध्ये राखाडी रेघा कुठे पुसल्या होत्या, तर कुठे आकड्यांत घुसून तिनाचा आठ झाला होता.

"आपल्या कंपनीत तीन आणि आठ एकच धरतात का?" सर म्हणाले. सगळे हसले. "पुढच्या रविवारी वाचता आलं तर ठीक. नाहीतर माझी वही आहेच."

पान घरी जेवायच्या ताटाशेजारी पडलं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते उचललं. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण आकडे येतात. गोणीवरचा आकडा बघूनच माल लावायचा असतो. ते मोठ्याने वाचायला लागले, "दोन, शून्य, आठ..."

"आठ नाही दादा, तीन आहे तो."

"मग तीन दिसू दे की! आकड्यातनं रेघ कशापायी घातलीस?"

"रेघेवरच लिहायचा असतो आकडा."

"छापील गोणीवर आकडा टाकायचा असला, तर आधी पांढरा पट्टा मारत्यात. मग त्याच्यावर आकडा. न्हायतर लांबून असंच हुतंय. आन् असा वाकडा आकडा कोण काढतंय गं? सरळ काढ, जाड काढ."

मी ताटावरून उठून सेटिंग उघडलं. आकड्यामागे पांढरी जागा ठेवायची सोय होती. मीच ती बंद केली होती, रेघ तुटलेली बरी दिसत नाही म्हणून. ती चालू केली. आकडे सरळ, ठळक केले. रेघा काळ्या केल्या आणि त्यांच्यातलं अंतर वाढवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, अशी पाच वेळा काढली. दुकानदार म्हणाला, "ताई, ओरिजनल हातात आहे ना तुमच्या?" पाचवी प्रत घरी आणून वडिलांपुढे धरली. त्यांनी अख्खं पान न अडखळता वाचलं.

रविवारी वीस गिटारींतून एकच सूर निघाला. सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"ही मागची जागा कोरी ठेवायची युक्ती कुठल्या पुस्तकातली?"

कंपनीत आणि क्लासमध्ये कोणी विचारलं, तर 'वडील मार्केट यार्डात असतात' एवढंच मी सांगायचे. ऐकणारा व्यापारी समजायचा. मी समजू द्यायचे.

"पुस्तकातली नाही, सर. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांनी सांगितलं."

सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. सरांनी त्यांची वही माझ्या हातात दिली.

"मग अगं, उरलेली पानंही त्यांना वाचायला दे. त्यांनी वाचली की मी छापतो."